छोट्या कॅमेऱ्याचा चेहरा

शैलामावशीबद्दल चांगलं सांगायचं म्हटलं तर पुष्कळ आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. ती मुळात वाईट बाई असती तर मी तिला केव्हाच विसरून गेले असते.

गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे आमची चाळ. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून आमच्या दोन खोल्या आणि गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला तिच्या. ती आईची बहीण नव्हे, लांबच्या नात्यातलीही नव्हे. पण आमच्याकडे बिरडं झालं की पहिली वाटी तिच्याकडे जायची, तिच्याकडची सोड्याची खिचडी आमच्याकडे यायची, आणि वाटी रिकामी परत करायची नाही असा दोन्ही घरांचा रिवाज होता. तिचे यजमान तरुणपणीच गेले. केतकी तेव्हा नीट बोलायलाही लागली नव्हती. मावशी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दाराची कडी वाजली की दार उघडायच्या आधी आतून ‘बोला’ असा आवाज यायचा. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. माणूस समोर दिसत असलं तरी ‘बोला’.

तिच्या भाच्याने परदेशातून तिला एक कॅमेरा आणून दिला होता. पत्त्यांच्या जोडाएवढा, चंदेरी, चालू केला की गुरगुरत भिंग बाहेर काढणारा. मावशीने त्याला लोकरीची पिशवी विणली आणि ती गळ्यात अडकवून पदराखाली घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून चाळीतलं कुणी स्टुडिओत गेलं नाही. पासपोर्ट, रेल्वेचा पास, बँकेचं खातं, बारशाची घुगरी, सगळे फोटो मावशीचे. तिची पद्धत ठरलेली. दोन बोटांनी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, “हसू नकोस. आठव काहीतरी.”

“काय आठवू?”

“काल रात्री काय जेवलीस ते.”

माणूस खरंच आठवायला लागायचं, आणि तेवढ्यात तिने बटण दाबलेलं असायचं. जेवण आठवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर खोटं काही नसतं असं तिचं म्हणणं होतं, आणि तिचे फोटो पाहून ते पटायचं.

बाबांची बायपास झाली तेव्हा ते घरी आल्यावर आरशातसुद्धा बघेनासे झाले होते. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. त्या दिवसांत मावशी रोज संध्याकाळी येऊन त्यांच्यासमोर बसायची आणि खात्यातले जुने किस्से सांगायची. एकदा तिने पिशवीतून कॅमेरा काढला. बाबा वैतागून म्हणाले, शैला, आता कशाला. तिने विचारलं, “भाऊ, काल इस्पितळाने दिलेल्या पथ्याच्या कागदाप्रमाणे जेवलात की वहिनींच्या नकळत काही झालं?” बाबांनी आईकडे चोरून बघितलं. आदल्या रात्री त्यांनी फडताळातला सुका बोंबील चोखून खाल्ला होता, हे आम्हाला त्या नजरेवरून कळलं. तो फोटो मावशीने टिपला. डोळ्यांत चोरी, ओठांवर दाबून धरलेलं हसू. पुढच्या वर्षी बाबा गेले आणि भिंतीवर तोच फोटो लागला. आजही तोच आहे.

हे सगळं मी सांगतेय, कारण आमच्या घरात तिचं स्थान काय होतं हे कळल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. बाबा गेल्यावर माझी थोरली बहीण मधुरा आणि शैलामावशी फारच जवळ आल्या. मधुरा तेव्हा लोअर परळला, मिल पाडून बांधलेल्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करायची. घरी आली की चप्पल काढायच्या आधी गॅलरीतून सरळ मावशीकडे. मावशीच्या संगणकावर फोटो उतरवून देणं, नको ते खोडणं, कुणाचे प्रिंट काढायचे ते ठरवणं, हे काम तिचं. केतकी तिच्याच वयाची, पण तिला यातलं काही आवडायचं नाही. ती अबोल होती. बी.कॉम. अर्धवट सुटलं होतं, दोन ठिकाणी ठरत आलेलं लग्न फिसकटलं होतं. आम्ही गेलो की ती स्वयंपाकघरात चहा ठेवायला उठायची आणि बराच वेळ तिकडेच राहायची.

छोटा कॅमेरा म्हातारा झाला. बटण दाबल्यावर विचार करून फोटो काढायला लागला. तोवर जेवण आठवून संपलेलं असायचं. मग मावशीने नवा घ्यायचं ठरवलं आणि त्यावर चाळीत जी चर्चा झाली ती मतदानाच्या वेळीही होत नाही. असाच खिशात मावणारा नवीन घ्यायचा, की तो मोठा, गळ्यात पट्ट्याने लटकणारा, ज्याला डीएसएलआर म्हणतात तो? खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं मत, मोठा म्हणजे लग्नातल्या फोटोग्राफरचा, बाईमाणसाला जड. आई म्हणाली, मोठा घेतलास तर तू बाजारात तो नेणार नाहीस आणि घरात पडून राहील. मावशीला स्वतःलाही धाकधूक होती. लहान कॅमेऱ्याला लोक घाबरत नाहीत, मोठा समोर आला की आखडतात, असं ती म्हणायची. मधुरा मात्र ठाम होती. “मावशी, तुला माणसं कळतात. त्या डबीत ती मावत नाहीत. तू मोठाच घे.”

शेवटी आम्ही तिघी फोर्टला गेलो. दुकानदार गुजराती, शांत माणूस. त्याने दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले आणि समजावून सांगितलं. छोट्यात लांबचं जवळ आणता येतं, व्हिडिओ होतो, सांभाळायला सोपा. मोठ्यात आतली उजेड टिपणारी चकती मोठी असते, म्हणून कमी उजेडातही चेहरा मऊ येतो, मागचं सगळं धूसर होतं आणि माणूस तेवढं उठून दिसतं. हा सगळ्यात खालचा प्रकार आहे, शिकणाऱ्यांसाठी, पण तुम्हाला आयुष्यभर पुरेल. मग म्हणाला, तुम्ही दोन्हींनी एकेक फोटो काढून बघा ना.

मावशीने मधुराला दुकानाच्या दारात उभं केलं. आधी छोट्याने काढला, मग मोठ्याने. मधुरा दारातच थांबली होती, म्हणून तिने ते फोटो पाहिले नाहीत. मी पाहिले. छोट्यात आमची मधुरा होती, रोजची, दमलेली, कपाळावर तेलकट चमक आलेली. मोठ्यातही तीच होती, पण मी माझ्या बहिणीला तशी कधी बघितली नव्हती. मागचा रस्ता, टॅक्स्या, माणसं सगळी विरघळली होती आणि त्यातून तिचा चेहरा पुढे आला होता. दुकानदार म्हणाला, बघितला ना फरक. मावशी त्या छोट्याशा पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हाच द्या.”

जुना छोटा कॅमेरा तिने टाकला नाही. दोन्ही कपाटात शेजारी शेजारी राहायला लागले.

त्याच सुमारास मावशीनेच मधुरासाठी एक स्थळ आणलं. आमच्या ज्ञातीच्या मंडळात ती वधूवरांचं काम बघायची, त्यामुळे चांगली स्थळं आधी तिला कळायची. मुलगा दादरचा, इंजिनिअर, घरी आईवडील, एकुलता. मावशी स्वतः येऊन आईला म्हणाली, वहिनी, हे मी मधूसाठीच राखून ठेवलंय. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रिका दिली. राहिला फोटो.

मधुरा खुशीत होती. मोरपंखी साडी नेसून ती ऑफिसमधून आल्या आल्या तयार झाली आणि मावशीकडे गेली. मी बरोबर होते. मावशीने कपाटातून जुना छोटा कॅमेरा काढला.

मधुराने विचारलं, मोठा नाही का घेत?

“मोठ्यावर अजून हात बसला नाही माझा,” मावशी म्हणाली. मग मधुराची हनुवटी धरून, अगदी मायेने बघत म्हणाली, “आणि तुझा चेहरा छोट्या कॅमेऱ्याचा आहे गं. त्यात तू आहेस तशी येतेस.”

मी मधे बोलले. दुकानात तर मोठ्यात फार छान आला होता. मावशी म्हणाली, तो दुकानाचा उजेड. मधुरानेच मला गप्प केलं. मावशीला जास्त कळतं की तुला?

गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या पुढ्यात, फ्लॅश मारून तो फोटो निघाला. त्या दिवशी मावशीने जेवणाचं विचारलं नाही. “हास,” म्हणाली. मधुरा हसली. डोळे ताणलेले, कपाळ चमकणारं, मागे कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. आई बघून ‘बराय’ म्हणाली. मधुराला वाटलं, मावशीने काढलाय म्हणजे आपण अशाच दिसतो. पुढे कितीतरी दिवस ती ऑफिसमध्ये आणि मैत्रिणींना सांगायची, माझा चेहरा छोट्या कॅमेऱ्याचा आहे. जणू कुणी तिचं कौतुक केलं होतं.

त्याच रविवारी मावशी म्हणाली, मोठ्या कॅमेऱ्यावर हात बसवायचाय, चला खोताच्या वाडीत. तिथली जुनी लाकडी घरं, रंगीत कठडे, बाहेर काढलेले जिने, उजेड छान असतो. केतकीला तिने उभं केलं. केतकीने फिकट पिवळी साडी नेसली होती आणि तिच्या निऱ्या मधुराने बसून नीट केल्या होत्या. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या अंकलनी आपणहून स्टूल दिलं. सावलीत चेहरा काळवंडतो म्हणून उजेड परतवायला काहीतरी पांढरं हवं होतं. गणपतीच्या मखराचा थर्माकोल आम्ही घरून आणला होता. मधुराने तो तासभर हातात धरला, मावशी सांगेल तसा वाकडा करत, हात भरून आले तरी खाली न ठेवता. केतकी आखडलेली होती. मावशीने तिला विचारलं, काल काय जेवलीस? केतकी म्हणाली, तूच तर वाढलंस. मधुरा थर्माकोलच्या मागून खळखळून हसली. ते हसणं ऐकून केतकीही हसली आणि मावशीने फोटो काढला. तो फोटो आम्ही घरी येऊन संगणकावर पाहिला. मधुरा म्हणाली, केतू, तू किती सुंदर आहेस, तुला माहीत तरी आहे का?

दादरहून काही दिवसांनी उत्तर आलं, योग नाही. निरोप घेऊन मावशीच आली. मधुराच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, त्यांचं नशीब फुटकं. दुसऱ्या दिवशी तिने मधुरासाठी खांडवी करून पाठवली.

मग दोनेक महिन्यांनी ती पुन्हा आली आणि दारातच उभी राहिली. आईने आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, वहिनी, कसं सांगू कळत नाही, पण त्या दादरच्या लोकांनी केतकीला मागणी घातलीय. त्यांनी स्वतःहून विचारलं. मी नको म्हणत होते. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मावशीच्या हातावरही ठेवली. एकाच्या नशिबातलं दुसऱ्याला लागत नाही, असं आम्हाला ती समजावत राहिली. मधुराने मनाला लावून घेतलं नाही. निदान दाखवलं तरी नाही. साखरपुड्याच्या साड्या निवडायला ती केतकीबरोबर दोनदा गेली.

साखरपुडा दादरला एका छोट्या हॉलमध्ये होता. मुलाची आई फार सालस बाई. हळदीकुंकू लावताना ती मधुरासमोर थांबली, तिच्याकडे नीट बघितलं आणि नाव विचारलं. नाव ऐकल्यावर गोंधळली. मग तिच्या हातावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, “अगं, तू म्हणजे ती होय? प्रत्यक्षात किती वेगळी दिसतेस. शैलाताईंनी दोघींचे फोटो एकदमच पाठवले होते ना. खरं सांगू का, पत्रिका तुझी जास्त जुळत होती.”

तिच्या मनात काही नव्हतं. ती पुढच्या बाईकडे वळली.

मी मधुराच्या शेजारी उभी होते. तिने हातातलं फूल माझ्याकडे दिलं आणि खुर्चीवर बसली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला शैलामावशी गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून मुलीचे आणि जावयाचे फोटो काढत होती. जेवणं होईपर्यंत मधुरा तिथेच बसून होती. कुणी काही विचारलं तर उत्तर देत होती. केतकीला पेढाही तिने भरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅलरीतून मावशीकडे गेली. मला तिला एकटीला जाऊ द्यावंसं वाटेना, म्हणून मी मागोमाग गेले. आतून ‘बोला’ आलं. मावशी रुखवताच्या पुरचुंड्या बांधत बसली होती. केतकी घरात नव्हती.

“मावशी, माझा फोटो मोठ्या कॅमेऱ्याने का नाही काढलास?”

मला वाटलं होतं मावशी उडवून लावेल, काहीतरी सांगेल. तिने हातातला दोरा खाली ठेवला.

“तुझं काय अडणार होतं गं मधू?” ती म्हणाली. “तुला शिक्षण आहे, नोकरी आहे, चार माणसांत बोलायची रीत आहे. तुला आज ना उद्या मिळेलच. माझ्या केतूकडे काय होतं? दाखवायला एक चेहरा.”

“मग मला सांगायचंस. मी सोडलं असतं ते स्थळ.”

“तू सोडलं असतंस. वहिनींनी सोडलं असतं?”

“नाही सांगायचं होतं तर नाही,” मधुरा म्हणाली. “पण फोटो तरी चांगला काढायचास. दोन्ही चांगले काढून पाठवायचेस. मग त्यांनी केतकीला निवडलं असतं तर मी खरंच नाचले असते तिच्या लग्नात.”

मावशी खाली बघत होती.

“दुकानात तू बघितलं होतंस ना, मी मोठ्यात कशी दिसते?”

“हो.”

“आणि तरी मला म्हणालीस की माझा चेहराच तसा आहे. ते मी सगळ्यांना सांगत फिरले, मावशी.”

मावशीने एकदा मधुराचा हात धरायला आपला हात पुढे केला. मधुरा मागे सरकली आणि आम्ही बाहेर आलो.

आईला कळल्यावर तिने भांडण केलं नाही. ती भांडणारी बाईच नव्हे. मावशीची एक वाटी आमच्याकडे राहिली होती. ती तिने घासून, पुसून, रिकामी, मावशीच्या उंबऱ्यावर ठेवली. लग्नाला आम्ही गेलो, आहेर केला, जेवलो नाही. मी भिंतीवरचा बाबांचा फोटो काढूया म्हटलं, तर आईने मला पहिल्यांदाच दटावलं. फोटो तिचा नाही, ह्यांचा आहे, म्हणाली. पण मग मी कितीदा तरी पाहिलंय, त्या फोटोपुढे दिवा लावताना आई बाबांकडे न बघता ज्योतीकडेच बघायची. एवढा जिवंत फोटो, आणि तो ज्या नजरेने टिपला तिच्यावर आता विश्वास ठेवायचा की नाही, हे आम्हाला कुणालाच ठरवता येईना.

केतकीला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मला अजून ठाऊक नाही. तिचा संसार चांगला चाललाय एवढं ऐकून आहे. पुढे मावशी चाळीतली जागा सोडून तिच्याकडेच दादरला राहायला गेली.

मधुराचंही लग्न झालं, उशिरा, तिच्याच ऑफिसमधल्या नागपूरच्या मुलाशी. त्याने तिला रोज समोर बघूनच पसंत केलं होतं. मावशी म्हणाली होती ते खरंच झालं म्हणायचं, तिचं काही अडलं नाही. पण कोर्टात सही झाल्यावर सगळ्यांनी फोटोसाठी पुढे बोलावलं तेव्हा मधुरा सवयीने मागच्या रांगेत गेली आणि नवऱ्याने तिला हाताला धरून पुढे आणलं. तिच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंत ती कुठेच नसते. कुणी मोबाईल उचलला की तिला नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी बघायचं असतं. कधी पकडून उभं केलंच तर ती हसते, आणि ते हसू गॅलरीतल्या त्या फोटोतलं असतं. अडवलेल्या एका स्थळाचं दुःख माणूस विसरतं. आपल्यावर माया असलेल्या बाईने आपल्याकडे नीट निरखून पाहिलं, सगळं पाहिलं, आणि मग मुद्दाम कपाटातून दुसरा कॅमेरा काढला, हे विसरायचं कसं?

मागच्या महिन्यात मी रानडे रोडवर काही घ्यायला गेले होते. रस्ता ओलांडायला थांबले तर शेजारी शैलामावशी. केस पूर्ण पांढरे, हातात कापडी पिशवी, पाठीत थोडा बाक आलेला. मी तिला ओळखलं त्याआधी तिने मला ओळखलं होतं. आईचा विषय काढला. आई गेली हे तिला कळलं होतं. यायचं मनात होतं, पण कुठल्या तोंडाने येणार, असं म्हणाली.

मग तिने विचारलं, “मधू कशी आहे?”

“बरी आहे.”

ती वाट बघत राहिली. मी पुढे काही सांगितलं नाही. माझ्या हातात फोन होता. मागच्याच रविवारी मधुरा मुलीला झोपाळ्यावर झोके देत असताना, तिला कळू न देता, मी दुरून एक फोटो काढला होता. तिने केस मोकळे सोडले होते आणि मुलीच्या कुठल्याशा बोलण्यावर ती मान मागे टाकून हसत होती. इतक्या वर्षांत तिचा असा फोटो कुणाला मिळाला नव्हता.

“तिचा एखादा फोटो असेल ना गं तुझ्याकडे?” मावशी म्हणाली. “बघितला असता एकदा.”

“नाही,” मी म्हटलं.

तिने माझ्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाली. गाड्या थांबल्या तशी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती सावकाश पलीकडे गेली. मलाही तिकडेच जायचं होतं. मी पुढच्या खेपेला गाड्या थांबेपर्यंत अलीकडेच उभी राहिले.